सगळ्यांचं उत्तर सारखंच चुकलं कसं?

बसा खाली. पालकांनीही बसून घ्या, मागच्या बाकांवर जागा आहे. आज शिकवणं नाही. आज मी बोलणार आणि तुम्ही ऐकणार. मधेच कुणी ‘पण मॅडम’ म्हणायचं नाही.

सराव परीक्षेचे बीजगणिताचे पेपर तपासून झाले. त्यात एक वर्गसमीकरण होतं, त्याची मुळं २ आणि ९. पुढच्या बाकावरच्या एकानं ते नीट सोडवलं, पण घाईत त्याचा ९ असा उतरला की बघणाऱ्याला १ वाटावा. झालं! त्याच्या मागच्या बाकावर मुळं आली २ आणि १. त्याच्याही मागे २ आणि १. खिडकीकडची अख्खी रांग २ आणि १. समीकरणात शेवटी १८ लिहिलेले डोळ्यांसमोर आहेत. मुळांचा गुणाकार तेवढा आला पाहिजे, हे मी फळ्यावर किती वेळा करून दाखवलं आहे. बे एके बे, हे पहिलीतलं पोर सांगतं. दहावीतल्या एकालाही शंका येऊ नये की बे एके अठरा कधीपासून व्हायला लागले? नाही आली, कारण गणित कुणी करतच नव्हतं.

कॉपी केलीत याचा राग आलाच. पण तेवढ्यासाठी मी तुमच्या आईबापांना कामधंदा सोडून इथे बोलावलं नसतं. काल मी एकेकाला स्टाफरूममध्ये बोलावून विचारलं, तेव्हा काय ऐकलं? ‘मलाही तेच आलं मॅडम.’ ‘मी तर बघितलंच नाही मॅडम.’ एकानं दुसऱ्याचं नाव पुढं केलं, तर तो दुसरा त्या दिवशी शाळेतच नव्हता. आणि एकानं आईची शपथ घेतली. तीन मार्कांच्या गणितासाठी आईची शपथ! न अडखळता, माझ्या डोळ्यांत डोळे घालून.

ज्यानं घेतली त्यानं नीट ऐकावं. तुझी आई वेचणीला जाते. दिवसभर पाठ वाकवून बोंडं वेचते, ओटी भरली की गाठोड्यात ओतते आणि दिवस मावळताना ते गाठोडं काट्याला लावते. मजुरी किलोवर. काट्यावर किती भरलं हे तिला कित्येकदा दिसतही नाही. काटा धरणारा सांगेल तो आकडा. त्यानं खरं सांगितलं तर तिच्या घामाचे पैसे तिच्या हातात पडतात. त्यानं दोन किलो खाल्ले तर त्या दोन किलोंसाठी ती उन्हात किती वेळ वाकली होती, ते कुणी विचारत नाही. तुझ्या घरची चूल रोज एका परक्या माणसाच्या खरेपणावर पेटते, आणि तू त्याच आईला खोट्याच्या साक्षीला उभं करतोस?

आपला यवतमाळ जिल्हा कापसाचा. इथे खोट्याचं नुकसान क्विंटलमध्ये मोजता येतं. वणी, पांढरकवडा, राळेगाव, आर्णी, कुठल्याही बाजारात जाऊन उभे राहा. सीसीआयच्या, म्हणजे सरकारी कापूस महामंडळाच्या, खरेदीत कापसातला ओलावा ८ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण हमीभाव मिळतो, त्यावर गेला की भाव कापतात आणि १२ टक्क्यांच्या पुढे माल घेतच नाहीत. हे माहीत असून रात्री कापसावर पाणी मारणारे आहेत. चांगल्या कापसाच्या पोटात कवडी दाबणारे आहेत. मग व्यापारी काय करतो? प्रत्येक गाडीत कोपरापर्यंत हात खुपसतो आणि कोरडा, स्वच्छ माल आणणाऱ्याच्या मापातूनही घट कापतो. एकाच्या पाण्याचे पैसे दहा जणांच्या चुकाऱ्यातून जातात. दुसरी बाजूही सांगते, नाहीतर म्हणाल मॅडम शेतकऱ्यालाच बोलतात. शेतकऱ्याकडून पडत्या भावात कापूस घ्यायचा आणि दुसऱ्याचा सातबारा लावून तोच हमीभावानं विकायचा, असा धंदा करणारे व्यापारी आहेत. आणि चार पैशांसाठी त्यांना आपला सातबारा वापरायला देणारे शेतकरीही आहेत. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. तो ज्याच्यासाठी होता त्याच्या हाती पडू नये, याला आपलीच माणसं हातभार लावतात.

‘सगळेच करतात मॅडम.’ काल हे किती जणांनी ऐकवलं! ऐकवतानाही आवाज असा, जणू चूक माझीच. चोराच्या उलट्या बोंबा. २१ फेब्रुवारी २०२५ ला दहावीची बोर्डाची परीक्षा सुरू झाली. पहिलाच पेपर मराठीचा. त्याच दिवशी जालना आणि यवतमाळ या दोन जिल्ह्यांतून पेपर बाहेर आल्याच्या बातम्या राज्यभर गेल्या. आपल्या जिल्ह्याचं नाव त्या दिवशी टीव्हीवर कशासाठी आलं, ते आठवा. ज्या भाषेत आपण घरात भांडतो, हसतो, त्या भाषेच्या पेपरासाठी! परीक्षेतल्या गैरप्रकारांविरुद्ध या राज्यात १९८२ पासून कायदा आहे. दरवर्षी भरारी पथकं फिरतात, केंद्राबाहेर पोलीस उभे राहतात. पोलिसांच्या पहाऱ्यात लेकरांनी निबंध लिहावा, ही वेळ आपण आणली. आणि त्याची लाज त्यांनाही सोसावी लागते जे कंदिलासारख्या मिणमिणत्या बल्बखाली रात्र रात्र बसून अभ्यास करतात. तुमच्याच वर्गात आहेत असे. उद्या त्यांच्या गुणपत्रिकेकडे कुणी संशयानं बघितलं तर ते तुमच्यामुळे.

एक जण जरा हुशारीनं बोलला. म्हणाला, ‘मॅडम, परीक्षेची पद्धतच चुकीची आहे. नुसती घोकंपट्टी.’ असेल चुकीची. तर मग समोर ये आणि सांग. तुझ्याच जिल्ह्यातला माणूस दाखवते. लोकनायक बापूजी अणे, १८८० साली वणीत जन्मलेले. त्यांचं नाव तुम्ही पाट्यांवर वाचता आणि पुढं जाता. इंग्रजांचा जंगल कायदा त्यांना अन्यायाचा वाटला. जुलै १९३० मध्ये त्यांनी पुसदला जंगल सत्याग्रह केला. राखीव जंगलातलं गवत कापायचं होतं, तर रात्री चोरून जाऊन भारा आणता आला असता. अण्यांनी ते लोकांदेखत कापलं आणि शिक्षा भोगायला तुरुंगात गेले. पुढं १९४१ मध्ये व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात गेले, तेही काँग्रेसची वाट सोडून, उघडपणे. फेब्रुवारी १९४३ मध्ये गांधीजींचं उपोषण सुरू असताना सरकारची भूमिका पटेना, तेव्हा राजीनामा देऊन बाहेर पडले. त्यांचं प्रत्येक मत बरोबर होतं, असं मी म्हणत नाही. पण हा माणूस कुठे उभा आहे, हे विरोधकालाही शोधावं लागलं नाही. तू परीक्षेला विरोध करतोस आणि शेजारच्याच्या कागदात डोकावतोस. याला विरोध म्हणायचा?

आता मागे बसलेल्यांशी बोलते. दादा, ताई, राग येऊ द्या, पण ऐका. परीक्षेच्या दिवशी खिडकीतून चिठ्ठ्या टाकायला भिंतीवर कोण चढतं? मोठा भाऊ, काका, कधी बाप स्वतः. ‘पोराचं वर्ष वाया जाऊ नये’ म्हणून. पुढं काय होतं ते मी बघत आले आहे. अकरावीला नाव घातलं, झेपेना. बारावीला पुन्हा तीच भिंत. मग नागपूरला नाहीतर पुण्याला भरतीच्या तयारीला पाठवलं. खोलीचं भाडं, मेसचे पैसे, क्लासची फी, त्यासाठी इकडे एक बैल गेला नाहीतर तूर घाईनं विकली. ते पोर पहिल्याच चाळणीत बाहेर पडतं आणि फोनवर म्हणत राहतं, ‘पेपर चांगला गेला बाबा.’ का म्हणतं? कारण दहावीपासून त्याला कळून चुकलं आहे की या घराला खरं उत्तर नको असतं, गोड उत्तर हवं असतं.

आणि खरं सांगणाऱ्याचं तुम्ही काय करता? पोरगी भीत भीत सांगते, ‘आई, गणितात बारा पडले.’ आधी थोबाडीत. मग शेजारच्या मुलीचं कौतुक. मग ‘पुरे झाली शाळा, उरकून टाकू लग्न.’ तिच्या भावानं प्रगतिपुस्तकावर तुमची सही स्वतःच ठोकली, त्याला कुणी काही बोलत नाही, कारण ते पुस्तक तुम्ही उघडूनच बघितलं नाही. तुमच्या घरात खरं बोललं तर मार पडतो आणि खोटं फुकटात खपतं. पोरं आंधळी नाहीत. ती बघतात आणि शिकतात.

शिकतात तेही घरातच. पेरणीच्या तोंडावर कुणीतरी कानाशी लागतं, ‘तणनाशक मारलं तरी पऱ्हाटी मरत नाही असं बियाणं आहे, घेऊन जा, बोभाटा करू नका.’ त्या बियाण्याला सरकारची मान्यता नाही हे सगळ्यांना माहीत, आपणच त्याला चोर बीटी म्हणतो, तरी घेतो. निंदणाची मजुरी परवडत नाही, मजूर मिळत नाही, हे मला कळतं. पण पावती कुठे आहे? उगवलं नाही, पात्या गळल्या, बोंड धरलं नाही, तर तक्रार कशावर करणार? कृषी अधिकारी पहिल्यांदा बिल मागतो. ज्यानं पाकीट दिलं तो तुम्हाला ओळखही दाखवत नाही. लपूनछपून केलेल्या व्यवहारात फसलेल्याला दाद मागायला दार राहत नाही.

आणि २०१७ विसरलात का? त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्यावर गेली होती. फवारणीनं विषबाधा झालेली माणसं यवतमाळच्या मेडिकलमध्ये येऊ लागली, ती येतच राहिली. जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो जण खाटांवर होते, कित्येकांना काही दिवस डोळ्यांनी दिसेना. कारणं अनेक होती. उंच दाट पीक, दमट उकाडा, संरक्षण म्हणून तोंडाला फडकं, आणि दोन-तीन औषधं एकत्र कालवलेलं पाणी. डब्यावरची बारीक अक्षरं फवारणाऱ्याला वाचता येत नव्हती. त्यानं दुकानदाराच्या शब्दावर भरवसा ठेवला, मालकाच्या शब्दावर भरवसा ठेवला. ‘काही होत नाही, मार’ म्हणणाऱ्याला त्यातलं खरंच काही माहीत होतं का? माहीत नव्हतं, आणि ते कबूल करायला त्याची जीभ वळली नाही. तुमच्यातलं कुणी उद्या कृषी केंद्र टाकेल, कुणी नर्स होईल, कुणी वायरमन, कुणी तलाठी. तुमच्या एका शब्दावर कुणीतरी असाच जीव टाकेल. माहीत नसेल तर ‘मला माहीत नाही’ म्हणायला शिका. ते म्हणता येत नाही म्हणूनच तुम्ही २ आणि १ लिहून आलात.

आता जे बोलणार आहे ते मला जड जातं. पण यवतमाळ जिल्ह्यात ते बोलायचं नाही तर कुठं बोलायचं? महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणचे शेतकरी साहेबराव करपे यांचं अख्खं घर १९ मार्च १९८६ ला आत्महत्येनं संपलं. त्यांच्या आठवणीत दरवर्षी १९ मार्चला ठिकठिकाणी लोक अन्नत्याग करतात. त्यानंतर या जिल्ह्यात किती घरं उजाडली त्याचे आकडे मी सांगत बसत नाही. अशा घरांतली लेकरं या वर्गातही बसली आहेत. शेतकरी लपवाछपवी करतो म्हणून मरतो, असं कुणी म्हणालं तर त्याचं तोंड बंद करायला मी पुढं होईन. भाव, पाऊस, बँक, सावकार, सरकारचं धोरण ही कारणं आहेत, आणि ती डोंगराएवढी आहेत. पण त्या घरांत मी जाऊन बसले आहे. तिथल्या बायांच्या तोंडून एक गोष्ट पुन्हा पुन्हा ऐकली आहे. ‘मले काईच सांगतलं नाई वं मॅडम त्यायनं.’

त्यातल्या एकीचं सांगते. बँकेचं तिला माहीत होतं. सोसायटीचं माहीत होतं. तेरवी झाल्यावर एक जण दारात आला, म्हणाला माझे इतके. दोन दिवसांनी दुसरा आला. कृषी केंद्राची उधारी निघाली. मग गहाणाची चिठ्ठी सापडली, आणि तिनं पेटी उघडून बघितली. लग्नातली पोत पेटीत आहे अशा समजुतीत ती वर्ष-दोन वर्षं होती. पेटीत फडक्याची घडी होती, पोत नव्हती.

तो माणूस लबाड होता का? मुळीच नाही. बायकोला घोर नको म्हणून गप्प राहिला. पोरांपुढं बाप लहान दिसू नये म्हणून गप्प राहिला. तिनं कधी विचारलंच तर ‘होते सोय, तू नको काळजी करू’ म्हणाला. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं आपल्याला लहानपणापासून शिकवलं. कर्त्या माणसानं असंच वागायचं असतं, असंही शिकवलं. मला हे शिकवणं मान्य नाही. बायको मजुरीला जात होती, तिचे दोन हात होते. पोरगा शिकलेला होता, त्याला बँकेत जाऊन बोलता आलं असतं. भाऊ होता, मेहुणा होता. त्यांनी सगळं कर्ज फेडलं असतं असं नाही. पण रात्री दोन वाजता तो एकटा जागा नसता.

यात व्यवहारही आहे, तोही समजून घ्या. विनापरवाना सावकारानं कर्जापोटी शेत लिहून घेतलं असेल तर २०१४ च्या सावकारी नियमन कायद्यानुसार जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. चौकशी होते. पंधरा वर्षांच्या आतला व्यवहार असेल आणि सावकारी सिद्ध झाली तर शेत परत मिळू शकतं. पण तक्रार करणार कोण? ज्या बायकोला, ज्या मुलाला व्यवहारच माहीत नाही, ते करणार? माणूस गेल्यावर सरकारच्या एक लाखाच्या मदतीसाठी प्रकरण पात्र की अपात्र, हे कागदांवरून ठरतं. आणि कागद कुठे ठेवले आहेत, हे ज्याला ठाऊक तोच निघून गेलेला असतो.

बायांनो, तुम्ही नुसत्या माना डोलवू नका. गटाचं कर्ज, फायनान्सचा हप्ता, दर आठवड्याला दारात येणारा वसुलीचा मुलगा, हे नवऱ्यापासून लपवणाऱ्या तुमच्यात नाहीत का? एकीकडचा हप्ता भरायला दुसरीकडून उचल घ्यायची आणि घरी सांगायचं, माहेरून आणले. पोरगा मोबाइलवर पैसे लावून खेळतो, बापाच्या खात्यातून पैसे जातात आणि आई ते झाकून घेते. मायेनं झाकता, मान्य. पण त्याच मायेच्या आडोशानं तो आणखी खोल जातो, आणि बापाला कळतं तेव्हा खातं रिकामं झालेलं असतं.

उघड बोललं की अब्रू जाते, हीच भीती ना? जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं. उद्घाटनासाठी नयनतारा सहगल यांना दिलेलं निमंत्रण वादाच्या धास्तीनं ऐनवेळी मागे घेतलं गेलं. बोलावलेल्या पाहुण्याचं ऐकून घ्यायची हिंमत मोठमोठ्यांना झाली नाही. मग त्या जागी उभ्या राहिल्या कळंब तालुक्यातल्या राजूरच्या वैशाली येडे. नवऱ्यानं आत्महत्या केलेली, अंगणवाडीत काम करून संसार ओढणाऱ्या. ‘तेरवं’ नाटकात त्या भूमिका करत होत्या. एकट्या राहिलेल्या बाईकडे समाज कसा बघतो, शेतकऱ्याच्या मालाला भाव कसा मिळत नाही, हे त्यांनी साहित्यिकांच्या त्या भरल्या मांडवात सरळ सांगितलं. कुणाची अब्रू गेली? उलट त्या संमेलनातलं आज कुणाला काय आठवतं ते विचारा, त्यांचंच नाव सांगतील. हजारो लोकांपुढं त्यांना घरातलं दुःख बोलता आलं. तुम्हाला काल स्टाफरूममध्ये, एकट्या माझ्यासमोर, ‘मी बघून लिहिलं’ एवढं म्हणता येईना.

मुलांनो, तुमच्याशी आणखी एक बोलायचं आहे. झरी-जामणी, मारेगाव, केळापूर भागातल्या कोलाम आदिवासींच्या पोडांवर जे झालं ते तुमच्या जन्माआधीपासून वर्तमानपत्रांत येत आहे. बाहेरून ठेकेदार आले, व्यापारी आले, कामावरची माणसं आली. ‘लग्न करतो’ म्हणाली. काम संपलं तशी निघून गेली. मागे राहिल्या कोवळ्या वयाच्या आया आणि त्यांच्या कडेवरची लेकरं. त्या कुमारी मातांची सर्वेक्षणं झाली, याद्या झाल्या. फसवून गेलेल्यांच्या याद्या कुणी केल्या? तुम्ही म्हणाल, आम्ही काय तसे आहोत? आज नाही. पण मोबाइलवर एखाद्या मुलीला आपलं वय वाढवून सांगायचं, नसलेली गाडी, नसलेली नोकरी सांगायची, तिचे फोटो मागायचे आणि मित्रांत दाखवायचे, हे याच वर्गातलं आहे. मला माहीत नाही असं समजू नका. ती मुलगी तुमच्या शब्दावर भरवसा ठेवते, यात हसण्यासारखं काय आहे?

मोठ्यांनी तरी कोणता धडा घालून दिला? सोयरिकीच्या बैठकीत चार एकर कोरडवाहू सांगताना दहा एकर ओलित होतं. पुण्याला ठेकेदाराकडे काम करणारा मुलगा कंपनीत परमनंट होतो. दारू, आजारपण, आधी मोडलेलं लग्न, सगळं अक्षता पडेपर्यंत गुंडाळून ठेवायचं. अक्षता पडल्या की ते पोरीनं एकटीनं उलगडत बसायचं. ती माहेरी येऊन बोलली तर ‘आता नांदून घे.’ तिला सासरच्यांनी एकदा फसवलं आणि तुम्ही दुसऱ्यांदा.

खरं बोलायचं म्हणजे ज्याला त्याला तोंडावर लागेल असं बोलत सुटायचं, असाही अर्थ काढू नका. वर्गमैत्रिणीच्या रंगावर, तिच्या बापाच्या दारूवर बोलायचं आणि वर ‘मी आपलं स्पष्ट बोलते’ म्हणायचं, याला मी खरेपणा म्हणत नाही. आपलं स्वतःचं जे लपवावंसं वाटतं, ते सांगताना जीभ जड होते. तिथून सुरुवात करा.

खरं बोलून मिळतं काय, असं विचाराल. कधी कधी काहीच मिळत नाही. कोरडा कापूस आणणाऱ्याच्या गाडीचं वजन कमी भरतं, हे मला ठाऊक आहे. मी तुम्हाला लालूच दाखवून खरं बोलायला लावणार नाही. काल कुणी ‘हो’ म्हटलं असतं तर मी त्याला शिक्षा केली असती. केलीच असती. पण त्याचं नेमकं कुठे अडतं ते मला कळलं असतं. अवयव पाडता येत नाहीत, की गुणाकाराला घोळ होतो, की सातवीपासूनच काही सुटलं आहे, ते शोधून बोर्डाच्या आधी दुरुस्त करता आलं असतं. या पेपरांच्या गठ्ठ्यावरून मला तुमच्यातल्या कुणाचंही काही कळत नाही. शिकवायचं तरी कुणाला आणि काय?

म्हणून हे पेपर रद्द. सोमवारी सकाळी आठला नवा पेपर, आणि मी स्वतः वर्गात असेन. आठनंतर येणाऱ्याला बसू देणार नाही. येत नसेल तिथे जागा कोरी सोडा. कोरी जागा मला चालते, तिथून शिकवायला सुरुवात करता येते. पुढच्या बाकावर जो बसला होता त्यानं आपले आकडे नीट काढायला शिकावं आणि कागद मागे सरकवणं बंद करावं. ती दोस्ती नव्हे.

पालकांनो, रविवारी घरात एक वही घेऊन बसा. बँक, सोसायटी, गट, फायनान्स, कृषी केंद्र, सावकार, किराणा, सगळं देणं त्या वहीत उतरवा. ज्याचं त्यानं सांगायचं, पोरानं लिहायचं. ऐकताना कुणी ओरडायचं नाही, कुणी कुणाच्या माहेराचा उद्धार करायचा नाही. गहाणाच्या चिठ्ठ्या, पावत्या, सातबारा एकाच पिशवीत ठेवा आणि पिशवी कुठे आहे ते घरातल्या दोघांना तरी माहीत असू द्या. ती वही मला दाखवायची नाही, ती तुमच्या घराची. पण ज्या घरात एखादं माणूस अलीकडे फार गप्प झालं असेल, जेवणावरून उठत असेल, रात्री जागत असेल, त्या घरानं वहीचीही वाट बघू नये. आज संध्याकाळीच त्याच्याजवळ बसावं आणि १४४१६ वर फोन लावावा. सरकारची टेलिमानस सेवा आहे, पैसे लागत नाहीत, मराठीतून बोलता येतं.

नंबर फळ्यावर लिहिते. वह्या काढा, उतरवून घ्या आणि घरी गेल्यावर आईच्या मोबाइलमध्ये घालून द्या.